रक्तातलं गणित आणि फळ्यावरचं



वर्षभर एक वाक्य पाठ सोडत नाही. बक्षीस समारंभात, एस.टी.च्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत कुणीतरी शेजारी उभ्या मुलीकडे बोट दाखवून म्हणतं, "हिच्या डोक्यात गणित शिरतच नाही, आमच्या घराण्यातच नाही ते." मुलगी मान खाली घालते आणि विषय संपतो. व्यासपीठावर याच वाक्याची दुसरी बाजू वाजते. "कोकणच्या मातीतच बुद्धी आहे," वक्ता म्हणतो, लोकमान्य टिळकांचं नाव घेतो, रँग्लर परांजप्यांचं नाव घेतो आणि टाळ्या पडतात. घराण्यातला दोष आणि मातीतला गुण, दोन्ही विधानं एकाच समजुतीतून येतात. आज तिच्याविषयीच लिहायचं आहे.

   २० मे २०२५ रोजी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. "रँग्लर बापाचा रँग्लर मुलगा, शेवटी रक्तच," असं त्यांच्याविषयी तेव्हा सहज बोललं गेलं. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते, हे खरंच. पण त्याच बनारसच्या घरात भिंतीवर फळा होता. त्यावर मोरूमामा हुजूरबाजार भाच्यासाठी कोडं लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत पुसलं जात नसे. हे स्वतः नारळीकरांनीच लिहून ठेवलं आहे. आपण रक्त लक्षात ठेवलं आणि फळा विसरलो.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची गोष्टही तीच. टिळकांचा जन्म १८५६चा, रत्नागिरीतला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते आणि संस्कृत-गणिताचा पाया घरीच घातला गेला. पुढे टिळक पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. १८९०मध्ये ते तिथून बाहेर पडले आणि त्यांच्या जागी गणित शिकवायला आले मुरुडचे धोंडो केशव कर्वे. आपल्या आतेमामे नात्यातल्या मुर्डीच्या रघुनाथ परांजपेला कर्व्यांनी शिक्षणासाठी हाताशी धरलं. तोच रघुनाथ फर्ग्युसनमधून केंब्रिजला गेला, १८९९ साली सीनिअर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिला, झाला आणि परत येऊन फर्ग्युसनचाच प्राचार्य झाला. परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक १९२७मध्ये एका विद्यार्थ्याला मिळालं. तो डहाणूत जन्मलेला दत्तात्रेय कापरेकर. पुढे देवळालीच्या शाळेत मास्तरकी करताना त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला. या साखळीतली प्रत्येक कडी म्हणजे कुणीतरी कुणाला तरी शिकवलेलं आहे.

१८९९च्या निकालाने एक समजूत मोडली होती. उच्च गणित हिंदुस्थानी माणसाच्या आवाक्यातलं नाही, असं मानणाऱ्या साम्राज्याच्या बालेकिल्ल्यात मुर्डीचा मुलगा पहिला आला. रक्तावरून बुद्धी ठरवणाऱ्यांना ते चोख उत्तर होतं. आज त्याच परांजप्यांचं नाव घेऊन आपण आपल्याच मुलांना रक्तावरून बुद्धी ठरवून देतो. एवढंच नव्हे, जातीवरूनही देतो. दबल्या आवाजात का होईना, "त्यांच्यात गणित असतंच" हे वाक्य आपल्या घरांत अजून बोललं जातं. परांजप्यांच्या स्मृतीचा याहून मोठा अवमान मला दिसत नाही.

मग जन्मजात काहीच नसतं का? असतं. पाच महिन्यांच्या बाळालाही एक अधिक एक आणि दोन वजा एक यातलं चुकीचं उत्तर खटकतं, असं मानसशास्त्रज्ञ कॅरेन विन यांनी १९९२मध्ये प्रयोगांतून दाखवलं. जुळ्यांच्या अभ्यासांतही अनुवंशाचा वाटा दिसतो. तो नाकारायचं कारण नाही. पण तो वाटा एका समूहातल्या माणसामाणसांतल्या फरकाबद्दल सांगतो. समोरच्या मुलीला अपूर्णांक येतील की नाही, हे त्यातून कळत नाही. अपूर्णांक, बीजगणित, सिद्धता ही माणसाने घडवलेली साधनं आहेत. ती कुणाच्याही पोटात जन्मतः नसतात. रामानुजनही कार या लेखकाच्या जाडजूड पुस्तकातल्या सूत्रांवर पाटी घेऊन वर्षानुवर्षं बसले होते.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर पाहा. लिलावात टोपली घेणारी बाई बर्फ, रिक्षा आणि वाट्याचा भाव एका दमात जुळवते. तिच्या मुलाला वर्गात तोच हिशेब कागदावर मांडता येत नाही आणि आपण म्हणतो, याच्यात गणित नाही. ब्राझीलच्या रेसिफी शहरातल्या फेरीवाल्या मुलांबद्दल १९८५मध्ये हेच आढळलं होतं. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता-दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास २०२५मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मांडला, त्यातही हेच दिसतं: बाजारात बिनचूक हिशेब करणारी मुलं शाळेच्या गणितात अडतात. शाळेतल्या मुलांचं उलट होतं. म्हणजे बुद्धी दोन्हीकडे आहे आणि मधला पूल शिक्षकाने बांधायचा आहे. २०१९मध्ये गणितज्ञ मंगला नारळीकरांनी दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आणलं, ते याच पुलासाठी. त्यावर राज्यभर टिंगल झाली. मूल कुठे अडतं याचा विचार करणाऱ्या विदुषीची आपण खिल्ली उडवली.

आणि पूल बांधणारे कुठे आहेत? डोंगरकपारीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो. बदली होऊन तो गेला की पुढचा येईपर्यंत वर्ष सरतं. २०२४मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात दहावीच्या गणित-विज्ञानासाठी ३५ऐवजी २० गुणांवर पुढे जाऊ द्यावं, पण गुणपत्रिकेवर तसा शेरा असावा, असा मार्ग सुचवला गेला. मुलांचं ओझं कमी व्हावं ही इच्छा मला मान्य आहे. मात्र ज्याला नीट शिकवलंच नाही, त्याच्या कपाळी 'गणित नाही' असा शेरा मारून गणिताच्या वाटा कायमच्या बंद करणं मला मान्य नाही. "रक्तातच नाही" हे वाक्य सगळ्यांच्या सोयीचं आहे. सरकारला शिक्षक नेमायला नको, शिक्षकाला पुन्हा समजावायला नको, पालकांना मुलाशेजारी बसायला नको.

या दिवाळी अंकाचा विषय 'वारसा' आहे. घरं, बोटी, बियाणी, बोली यांवरचे लेख तुम्ही वाचालच. माझ्या लेखी वारसा म्हणजे कुणीतरी हातात ठेवतं आणि आपण मेहनतीने पेलतो, ती गोष्ट. गणित त्यातलंच आहे.

दरवर्षी हा अंक आवर्जून घेणाऱ्या तुम्हा वाचकांकडे हक्काने दोन मागण्या करतो. मुलांदेखत "घराण्यात नाही" हे वाक्य उच्चारू नका. आणि तुमच्यातल्या निवृत्त शिक्षकांनी, अभियंत्यांनी, बँकेतल्या मंडळींनी मुख्याध्यापकांना भेटून जवळच्या शाळेत आठवड्यातून दोन तास गणितासाठी द्यावेत. जिल्हा परिषदेने रिकाम्या जागा भराव्यात, हा आग्रह आपण मिळून धरूच. पण तोवर पाचवीतलं मूल थांबणार नाही, ते सहावीत जाईल.



— संपादक