अर्धी जुनी, अर्धी नवी

नोंदवही नव्याने सिद्ध करण्याच्या दोन रीती जुन्या कारकुनांना ठाऊक होत्या. कोऱ्या वहीत सारे उतरवून, ताडून, मगच जुनी वही बाजूला ठेवणे ही एक. जुन्याच वहीत खाडाखोड करून भागविणे ही दुसरी. संगणकालाही हाच पेच पडतो, हे मला पन्नाशीत कळले.

अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली ऑस्ट्रेलियात ‘आरसिंक’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. दोन ठिकाणच्या फाइली ती जुळवून देते. तिची नेहमीची रीत पहिल्या कारकुनाची: तात्पुरती प्रत पुरी लिहावयाची आणि नंतर ती जुन्या फाइलीच्या जागी बसवावयाची. मात्र तेवढी मोकळी जागा हवी. ‘इनप्लेस’ हा पर्याय दिला, की जुन्या फाइलीवरच लेखन सुरू होते.

आमच्या शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरांची छायाचित्रे सुमारे ४० जीबीच्या एकाच संग्रहफाइलीत आहेत. बाहेरच्या डिस्कवर जागा अपुरी, म्हणून मी इनप्लेस निवडले. निम्मे काम झाले आणि वीज गेली! प्रत उघडेना, ती धड जुनी नव्हती, धड नवीही नव्हती. मूळ फाइल शाबूत होती खरी, पण ती ज्या डिस्कवर होती ती आधीपासूनच कुरकुरत होती. वाचकहो, जन्मतारखेच्या दाखल्यासाठी काठी टेकत येणारे माजी विद्यार्थी त्या रात्री डोळ्यांपुढून हलेनात. सकाळी आज्ञा पुन्हा चालविली, तेव्हा प्रत जुळली.

इनप्लेस टाकाऊ आहे असे मात्र नव्हे. प्रचंड फाइलीत थोडाच बदल असेल, किंवा एकाच फाइलीला अनेक नावे जोडलेली असून तो दुवा तुटू द्यावयाचा नसेल, तर तोच उपयोगी. फाइल कोणी वापरीत असताना मात्र तो नकोच. नुसती शेवटी भर पडत असेल, तर ‘अपेंड’ पुरतो. पण तो आधीचा भाग तसाच आहे असे गृहीत धरतो, म्हणून ‘अपेंड-व्हेरिफाय’ घ्यावा. तो जुना मजकूरही पडताळतो. ‘बॅकअप’ जोडल्यास जुनी प्रत राहते. अर्थात तिलाही जागा लागतेच.

मी दुसरी, मोठी डिस्क मागविली आहे. पैसे खिशातून गेले. सौभाग्यवतींना अद्याप सांगितलेले नाही.