ज्ञान मोकळें असावें, बेवारस नसावें

विद्या दिल्यानें वाढते, असें आपण म्हणतों. आजच्या जीवशास्त्रज्ञांनीं हें अक्षरशः खरें करून दाखविलें आहे. वनस्पति, प्राणी व जंतु यांच्या ठायीं असलेली आनुवंशिक लिपि वाचून ते ती सार्वजनिक संगणक-कोशांत ठेवितात आणि जगांतील कोणासही ती विनामूल्य पाहतां येते. करोना विषाणूची लिपि जानेवारी २०२० मध्यें अशी खुली झाली, म्हणूनच वर्षाच्या आंत लस निघूं शकली. ही मोकळीक बंद व्हावी असें कोणीही सुज्ञ म्हणणार नाहीं. परंतु कोशांत लिपि उरते आणि ज्यांच्या रानांतून ती आली, त्यांचें नांव मात्र पुष्कळदां गळून जातें. हा प्रश्न केवळ परदेशचा नव्हे.

आंबिवलीहून कसाऱ्याच्या गाडीनें निघालें म्हणजे थोड्याच वेळांत शहापूर तालुका लागतो. तेथील कातकरी तरुणांनीं रानांतील गुळवेल गोळा करून औषधी कारखान्यांस विकण्याचा उद्योग उभारला आहे. वेलीचें वजन होतें, तिचे पैसे मिळतात. पण तिची लिपि, किंवा वडीलधाऱ्यांनीं सांगितलेला तिचा गुण, नेणारास पिशवीही लागत नाहीं. त्याची किंमत कोणत्या काट्यावर मोजावी?

हळदीची हकीकत पहा. हळदीनें जखम भरते, या गोष्टीवर १९९५ सालीं अमेरिकेंत एका विद्यापीठास पेटंट मिळालें. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालीं वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें हरकत घेतली आणि १९९७ सालीं तें रद्द झालें. आपण जिंकलों, कारण पुरावा ग्रंथांत होता. कातकऱ्यांचें ज्ञान तर ओठांवर असतें. तें लिहिलें नाहीं तर पुरावा नाहीं. लिहून खुलें ठेवावें तर कोणीही उचलून न्यावें! खरा पेंच येथें आहे.

कोणी म्हणेल, "वेल निसर्गाची, तिच्यावर कातकऱ्यांचा हक्क कसला?" वेल निसर्गाची खरी, पण हजारों वेलींतून गुणाची वेल ओळखणें हें पिढ्यांच्या श्रमांचें फळ आहे. श्रमाला मोबदला देण्यानें विद्या आटत नाहीं. केरळांत १९८७ सालीं काणी आदिवासींनीं शास्त्रज्ञांना 'आरोग्यपच्च' ही वनस्पति दाखविली. तिच्यापासून 'जीवनी' हें औषध झालें व त्याच्या परवान्याच्या रकमेंतील अर्धा वाटा काणी समाजासाठीं ठेवण्यांत आला. २०२४ सालीं कोलंबियांतील कॅली येथें भरलेल्या जैवविविधता परिषदेनेंही हीच वाट धरली. लिपींचा लाभ घेणाऱ्या मोठ्या कारखान्यांनीं एका निधींत भर घालावी आणि त्यांतील निदान अर्धा भाग आदिवासी व स्थानिक समाजांकडे जावा, असें तेथें ठरलें. मात्र ही वर्गणी सक्तीची नाहीं. उणीव आहे ती एवढीच, पण ती मोठी आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें: नेण्यापूर्वीं विचारावें, लिपीबरोबर गांवाचें व समाजाचें नांव नोंदवावें, आणि लाभ झाल्यास वाटा द्यावा. एवढें करून ज्ञान खुशाल खुलें ठेवावें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतील कांहीं उद्यां प्रयोगशाळेंत जातील. त्यांनीं हें स्मरावें. पालकांनींही एक करावें. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणें प्रत्येक ग्रामपंचायतीनें व नगरपालिकेनें समिति नेमून लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. आपल्या गांवची वही पहावयास मागावी, आणि तींत ज्ञान देणाऱ्यांचीं नांवें आहेत कीं नाहींत, हें अवश्य विचारावें.