ठिपक्यांमागचा मुलूख

अमूर्त चित्र म्हटले की आपल्याकडे दोनच तऱ्हेची माणसे भेटतात. एक म्हणतात, "आम्हाला यातले काही कळत नाही बुवा." दुसरे म्हणतात, "कळायचे काय त्यात, बघायचे आणि आनंद घ्यायचा." ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या मूळ रहिवाशांची चित्रे पाहताना हे दोन्ही उद्गार सारखेच अपुरे पडतात, असे आमचे मत आहे. शाळेचा आणि त्या चित्रांचा संबंधही वाटतो त्यापेक्षा बराच जवळचा आहे, म्हणून हा विषय या पानावर.

आधी एका आजीबाईंविषयी. एमिली कामे उंग्वारे यांचा जन्म १९१० च्या सुमाराचा, ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, ॲलिस स्प्रिंग्स शहराच्या ईशान्येला असलेल्या युटोपिया भागातला. कलाशाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. १९७७ पासून त्या कापडावर बाटिक करू लागल्या, आणि १९८८-८९ च्या उन्हाळ्यात (तिकडचा उन्हाळा डिसेंबरात असतो) वयाच्या ऐंशीच्या आसपास त्यांनी पहिला कॅनव्हास रंगवला. १९९६ मध्ये त्या वारल्या. मधल्या आठ वर्षांत त्यांनी सुमारे ३००० चित्रे काढली असे मानले जाते! १९९७ मध्ये व्हेनिसच्या प्रदर्शनात ऑस्ट्रेलियाच्या दालनात त्यांची चित्रे होती, आणि २०२५ च्या जुलैत लंडनच्या टेट मॉडर्न या संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. समीक्षकांनी त्यांची तुलना मोने, पोलॉक अशा चित्रकारांशी केली. आजीबाईंचा या मंडळींशी काहीही संबंध नव्हता.

त्यांचे १९९५ चे 'बिग याम ड्रीमिंग' हे चित्र मेलबर्नच्या संग्रहालयात आहे. लांबी ८ मीटर, उंची जवळजवळ ३ मीटर, म्हणजे आपल्या शाळेतल्या वर्गाची एक अख्खी भिंत. काळ्या रंगावर फक्त पांढऱ्या रेषा, एकमेकींत गुंतत गेलेल्या. पाहणारा म्हणेल, अमूर्त. पण तो जमिनीखाली पसरलेल्या कंदाच्या मुळांचा गुंता आहे. कंद पिकला की वरची माती तडकते, आणि कुठे खणायचे ते त्या भेगा सांगतात. 'कामे' हे त्यांचे नावच मुळी त्या कंदाच्या बियांचे. ज्या बाईचे नाव कंदाचे, तिने कंदाचे चित्र काढले. यात अमूर्त ते काय?

घोटाळा शब्दांचा आहे. तिकडची माणसे इंग्रजीत बोलताना आपल्या पूर्वजांच्या भूमीला 'कंट्री' म्हणतात. त्याचे भाषांतर 'देश' केले तर पासपोर्टचा देश डोळ्यांपुढे येतो, आणि 'निसर्गदृश्य' केले तर डोंगरामागून उगवणारा सूर्य! आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे आम्हाला माळव्यातला 'देस' हा शब्द आठवतो. मराठीत त्याला जवळचा म्हणजे 'मुलूख'. पण त्यांच्या मुलखात माती, पाणी, जनावरे, पूर्वज, कायदा आणि नातीगोती हे सगळे एकत्र येते. 'ड्रीमिंग'चेही तसेच. झोपेतल्या स्वप्नाशी त्याचा संबंध नाही. पूर्वज या भूमीवरून चालत गेले, चालता चालता त्यांनी टेकड्या, पाणवठे, माणसांचे नियम घडवले आणि ते अजून तिथेच आहेत, अशी ती समजूत आहे. पश्चिम वाळवंटात तिला 'चुकुर्पा' म्हणतात. चित्रातली एकात एक वर्तुळे म्हणजे पाणवठा, मुक्काम किंवा चूल, इंग्रजी यू अक्षरासारखी खूण म्हणजे बसलेले माणूस, सरळ रेषा म्हणजे वाट. तीच खूण दुसऱ्या कथेत दुसरा अर्थ घेते, आणि पूर्ण अर्थ सांगायचा की नाही ते चित्रकार ठरवतो.

आता शाळेकडे येऊ. ॲलिस स्प्रिंग्सच्या वायव्येला सुमारे २४० किलोमीटरवर पापुन्या नावाची वस्ती आहे. सरकारने वाळवंटातल्या निरनिराळ्या भाषांच्या लोकांना आणून तिथे वसवले होते. त्यांनी आपल्या चालीरीती सोडून गोऱ्यांसारखे व्हावे हे त्यावेळचे धोरण. १९७१ मध्ये तिथल्या शाळेत जेफ्री बार्डन नावाचे तरुण चित्रकला शिक्षक आले. मुले वर्गात कागदावर घोड्यावरचे काउबॉय काढत, आणि बाहेर गेली की गोष्ट सांगता सांगता बोटांनी वाळूत निराळ्याच खुणा काढत. बार्डन यांनी ते पाहिले आणि मुलांना सांगितले, त्या खुणाच काढा. पुढे वस्तीतली जाणती माणसे पुढे आली. कापा जाम्पिजिनपा आणि त्यांच्या सोबत्यांनी शाळेच्या भिंतीवर मधाच्या मुंग्यांची कथा चितारली. पापुन्या हे त्या कथेचेच ठिकाण. पुढच्याच वर्षी त्यांनी 'पापुन्या टुला' ही स्वतःच्या मालकीची संस्था काढली. भिंतीवरच्या चित्रावर मात्र १९७४ मध्ये डागडुजीच्या नावाखाली रंग फासला गेला. शाळा रंगवून घेणाऱ्या आम्हां मुख्याध्यापकांनी हे लक्षात ठेवावे!

ही माणसे तेव्हा आपल्या मुलखापासून शेकडो किलोमीटर लांब होती. जिथे परत जाता येत नव्हते तिथले पाणवठे ती फळकुटांवर काढत होती. काहींच्या हातून दीक्षितांनीच पाहायच्या खुणाही बाहेर गेल्या, त्यावर त्यांच्याच शेजारच्या समाजांनी आक्षेप घेतला, आणि त्यानंतर चित्रांतून त्या खुणा गळत गेल्या, ठिपके वाढत गेले. म्हणजे ज्या ठिपक्यांना आपण सजावट समजतो ते काही ठिकाणी पडदा आहेत.

पैशाची बाजूही सांगितली पाहिजे. जॉनी वारंगुला हे पहिल्या फळीतले चित्रकार. कालिपिनपा या ठिकाणच्या पाण्याच्या कथेचे त्यांचे १९७२ चे चित्र दीडशे डॉलरला गेले होते. १९९७ मध्ये ते लिलावात दोन लाखांहून अधिक डॉलरला विकले गेले आणि २००० मध्ये पावणेपाच लाखांच्याही वर. वारंगुला तेव्हा हयात होते. या दोन्ही विक्रींत कायद्याने त्यांचा एक पैसाही नव्हता. चित्र पुन्हा विकले गेले तर कलावंताला ५ टक्के द्यायचे, हा कायदा ऑस्ट्रेलियात २००९ मध्ये झाला आणि २०१० पासून लागू झाला. वारंगुला २००१ मध्येच गेले होते.

नकलेचे प्रकरण तर आपल्या माणसांना लगेच समजेल. मूळ रहिवाशांच्या चित्रांच्या नकला विणलेले गालिचे व्हिएतनाममधून आणून ऑस्ट्रेलियात विकले जात होते. १९९४ मध्ये न्यायालयाने कलावंतांच्या बाजूने निकाल दिला. पूर्वजांच्या कथेवर कोणीही पाय देऊन चालणार, ही त्यातली खरी जखम होती. शिवाय अशी कथा जपणे ही चित्रकाराची जबाबदारी असते. ती बाहेर कशी गेली, याचा जाब त्याला स्वतःच्या लोकांत द्यावा लागतो.

म्हणून शाळेच्या हस्तकला प्रदर्शनात कापसाच्या काडीने ठिपके उमटवून काढलेली 'ऑस्ट्रेलियन आदिवासी चित्रे' यापुढे मांडायची नाहीत, असे आम्ही ठरवले आहे. काही पालकांना हे पटलेले नाही. ठिपक्यांच्या रांगोळीला कोण परवानगी मागतो, असा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. ठिपका कोणाच्या मालकीचा नाही, मुलांनी हवे तितके ठिपके काढावेत. पण रांगोळीचा ठिपका दाराशी येणाऱ्या सगळ्यांसाठी असतो. तिकडची कथा ठरावीक माणसांची असते, ती काढण्याचा हक्क नात्याने मिळतो आणि दुसऱ्या बाजूच्या नातेवाइकांची त्यावर देखरेख असते. एकाच नावाचे शीर्षक देऊन दोन्ही एका फळ्यावर लावणे आम्हाला योग्य वाटत नाही. आपल्याकडे वारली चित्रांचे काय झाले आहे ते उशांच्या अभ्र्यांवर आणि चहाच्या कपांवर रोज दिसतेच. २०१४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, पण कप विकत घेताना ते कोणी विचारत नाही.

चित्राने काय साधते, असे विचारणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ग्रेट सँडी वाळवंटातल्या लोकांनी आपल्या जमिनीवर हक्क सांगितला तेव्हा कागदपत्रे कुठून आणणार? १९९७ मध्ये सुमारे चाळीस जणांनी मिळून ८ मीटर बाय १० मीटरचा एकच कॅनव्हास रंगवला. त्याचे नाव 'न्गुरारा'. मग तो जमिनीवर पसरून, ज्याच्या पाणवठ्याची जागा त्याने तिथे उभे राहून आपल्या भाषेत साक्ष दिली. २००७ मध्ये सुमारे ७७ हजार चौरस किलोमीटरवर त्यांचा हक्क मान्य झाला. आपल्या मध्य प्रदेशाचा चौथा हिस्सा म्हणा ना!

दुसरी गोष्ट किंटोरची. पापुन्यातले पिंटुपी लोक १९८१ पासून पश्चिमेला आपल्या मुलखात, किंटोरला, परतू लागले. पण मूत्रपिंडाचा विकार झालेल्यांना डायलिसिससाठी सुमारे ५३० किलोमीटरवरच्या ॲलिस स्प्रिंग्सला जाऊन राहावे लागे, आणि वडीलधारी माणसे घरापासून लांब, परक्या गावात मरत. तेव्हा किंटोर आणि किविरकुरा इथल्या स्त्री-पुरुषांनी मोठी चित्रे काढली, २००० मध्ये सिडनीत त्यांचा लिलाव झाला, दहा लाखांहून अधिक डॉलर जमले आणि २००४ मध्ये किंटोरमध्येच डायलिसिस सुरू झाले. त्यातून वाढलेली संस्था आज 'पर्पल हाउस' नावाने ओळखली जाते. मुलखाचे चित्र विकून माणसे मुलखात परत आणली, असे उदाहरण आम्हाला तरी दुसरे ठाऊक नाही.

आपण माळव्यातले मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या इकडे आहोत. आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, त्याच्या आधीचे गाव पुष्कळांनी पाहिलेले नाही. त्या गावाची विहीर कुठे होती, हे सांगणारे आजी-आजोबा काही घरांत अजून आहेत. सहावी ते आठवीच्या मुलांनी त्यांना विचारून त्या गावाची वाट काढावी, नाहीतर इथल्याच आपल्या मोहल्ल्याची, स्वतःच्या खुणा ठरवून. कोणती खूण कशाची, ते मागच्या बाजूला लिहावे. जे घरच्यांनी सांगू नये म्हटले असेल ते लिहू नये. कागद चित्रकलेच्या शिक्षकांकडे मिळतील.