झाड पाडू नका, दिवा झाका



दसरा-दिवाळीनंतर विदर्भाचे आकाश निवळते आणि बुलढाणा जिल्ह्यात कपाटांवर धूळ खात पडलेल्या दुर्बिणी पुन्हा अंगणात येतात. नोकरी-संसाराच्या धबडग्यात छंद सुटलेले हौशी छायाचित्रकार नवा कॅमेरा घेऊन परततात. त्यांना पहिल्याच रात्री खुपते ते झाड. मधल्या वर्षांत कडुलिंब घराच्या वर गेलेला असतो, उत्तरेला शेजाऱ्याची पाण्याची टाकी उभी राहिलेली असते. मग फांद्या छाटण्याची, कधी कधी झाडच काढून टाकण्याची भाषा सुरू होते. या भाषेला वेळीच विरोध व्हायला हवा.

अडचण खोटी नाही. बुलढाणा साधारण साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून इथला ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम तेवढाच वर दिसतो. लंडनमध्ये तो 51 अंशांवर असतो, इथे मात्र शेजारचे दुमजली घरसुद्धा त्याला झाकून टाकते. आकाश तासाला 15 अंश फिरते. दुर्बिणीच्या माउंटचा (फिरत्या बैठकीचा) अक्ष ध्रुवाकडे नीट रोखला नाही, तर फोटोत ताऱ्यांच्या रेघा उमटतात. पण ध्रुव न दिसताही अक्ष जुळवता येतो. दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या ताऱ्यांची सरक पाहून अक्ष जुळवण्याची ‘ड्रिफ्ट’ पद्धत जुनीच आहे. आता तर आकाशाच्या मोकळ्या तुकड्याचे दोन-तीन फोटो घेतले, की संगणकच चूक किती आणि कुठल्या बाजूला ते सांगतो. शिवाय या अक्षांशाचा मोठा फायदाही आहे. धनू राशीतले आकाशगंगेचे केंद्र इथे सुमारे 40 अंश वर चढते, लंडनमध्ये ते 10 अंशही चढत नाही. मृगातला तेजोमेघ तर 60 अंशांच्याही वर येतो. तिपाई चार हात सरकवली किंवा धाब्यावर नेली, की झाडाचा अडसर बहुतेक वेळा सुटतो.

दिव्यांचा उजेड मात्र तिपाई सरकवून सुटत नाही.

पूर्वी रस्त्यांवर पिवळे सोडियम दिवे होते. त्यांचा उजेड मोजक्या रंगांतच असल्याने फिल्टर लावून तो बराचसा गाळता येई. आजचे पांढरे एलईडी जवळजवळ सगळ्याच रंगांत उजळतात, त्यामुळे ते फिल्टर तोकडे पडतात. त्यातला निळा भाग हवेत अधिक विखुरतो आणि अख्ख्या गावावर दुधाळ तवंग चढतो. तो संगणकावर पुसता येतो, असे काही जण म्हणतात. तवंगाचा रंग पुसला जातो हे खरे, पण त्याने आणलेला खरखरीतपणा फोटोत उरतोच. आकाश चौपट उजळले, तर अंधुक तेजोमेघाच्या तितक्याच स्वच्छ फोटोसाठी सुमारे चौपट वेळ द्यावा लागतो. एका रात्रीचे काम चार रात्रींवर जाते.

अशा वेळी अंगणातला कडुलिंब हा छायाचित्रकाराचा सोबतीच ठरतो. रस्त्यावरच्या दिव्याचा थेट झोत तोच अडवतो. त्याच्यावर कुऱ्हाड चालवली, तर तो झोत सरळ भिंगावर येईल. शहरी भागात विनापरवाना झाड तोडण्यास 1975च्या कायद्याने मनाई आहे, हेही लक्षात ठेवावे.

‘मग काय गावे अंधारात ठेवायची?’ हा प्रश्न रास्त आहे. ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेच्या वस्त्यांत बिबट्या आणि अस्वलाची भीती खरी आहे, रात्री घरी परतणाऱ्या बायामाणसांना उजेड हवाच. पण वरून आणि बाजूंनी झाकलेला दिवा सगळा उजेड रस्त्यावरच टाकतो, डोळे दिपवत नाही आणि कमी वॅटमध्ये काम भागवतो. आकाशात जाणारा उजेड पावलाखालचा साप दाखवत नाही, त्याचे बिल मात्र ग्रामपंचायतच भरते.

हे महाराष्ट्रातच करून दाखवलेले आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले शंभरहून अधिक दिवे बदलण्यात आले. पेंचला जमले ते आपल्याच जिल्ह्यातल्या लोणारला का जमू नये? अवकाशातून आलेल्या आघाताने बेसाल्ट खडकात कोरलेले, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर अभयारण्य आहे आणि 2020 पासून रामसर स्थळही आहे. आकाशाशी असे नाते असलेल्या जागेच्या काठावर पर्यटनासाठी उघडे, प्रखर दिवे लावणे अनुचित होईल.

जिल्हा प्रशासनाने आणि वन विभागाने लोणारच्या यापुढच्या प्रत्येक कामात झाकलेले, पिवळसर, 3000 केल्व्हिनपेक्षा जास्त रंगतापमान नसलेले दिवे बंधनकारक करावेत. बुलढाणा, खामगाव, मेहकर, चिखली येथील नगरपालिकांनी नादुरुस्त दिवे बदलताना हाच नियम पाळावा. आणि दुर्बीण बाहेर काढणाऱ्यांनी झाड तोडण्याचा अर्ज करण्याऐवजी दारासमोरच्या दिव्याला झाकण बसवण्याचा अर्ज आपल्या नगरपालिकेत या हिवाळ्यातच द्यावा.

– एक आकाशनिरीक्षक, बुलढाणा