यादीत न येणारं पाप

कन्फेशनला माझी यादी वर्षानुवर्षं तीच: चिडलो, खोटं बोललो, मिस्सा चुकवली. तुमचीही जवळपास हीच असणार. ज्युनिअरचं काम डेमोत माझं म्हणून दाखवलं, ते यादीत कधीच नव्हतं. पगारवाढ त्यावरच तर मिळाली! सोयीचे एरर दाखवून बाकीचे गिळणारा कोड आपण रिव्ह्यूत पास करू का? १५४८ साली छापलेल्या पुस्तकात इग्नेशियस लोयोला दिवस तासातासाने तपासायला सांगतो. आपण कित्येक महिन्यांचा हिशेब रांगेत उभ्या उभ्या दोन मिनिटांत उरकतो, वर त्याला आध्यात्मिक वाढ म्हणतो. जकातदार जक्कय नुसत्या कबुलीवर थांबला नाही. लुबाडलेलं चौपट परत करतो म्हणाला.

गेल्या आठवड्यात मी फादरांना सगळं सांगितलं. मॅनेजरला अजून नाही. ज्युनिअरलाही नाही.