इंधन दरवाढीचा आरोपी कोण?

पेट्रोल महागले की आरोपी शोधायला सुरुवात होते. रोहा, कोलाड, पेणच्या नाक्यानाक्यावर हीच चर्चा. कुणी अरबांना शिव्या देतो, कुणी दिल्लीला, कुणी मंत्रालयाला. ज्याला यातले कुणीच सापडत नाही तो पंपावरच्या पोराशी हुज्जत घालतो. त्या पोराचा यात काय संबंध? पंपमालकाचे कमिशन लिटरमागे चार रुपयांच्या आसपास आणि पोराला मिळतो तो तुटपुंजा पगार!

जनमत असे विखुरलेले राहण्यातच सत्ताधाऱ्यांचा फायदा आहे. मे २०१२ मध्ये पेट्रोल एका झटक्यात साडेसात रुपयांच्या आसपास वाढले, तेव्हा भाजप आघाडीने ३१ मे रोजी भारत बंद पुकारला. १० सप्टेंबर २०१८ रोजी याच कारणासाठी भारत बंद पुकारला तो काँग्रेसने. घोषणा त्याच, फक्त झेंडे बदलले. दोन्ही वेळा रोजी बुडाली ती मात्र त्याच माणसांची.

म्हणून आम्ही म्हणतो, घोषणा बाजूला ठेवा आणि हिशेब काढा. रोहेकरांना हिशेबाचे वावडे असण्याचे कारण नाही. देशाचे अर्थमंत्री झालेल्या चिंतामणराव देशमुखांचे बालपण याच गावात गेले.

जून २०१४ मध्ये कच्चे तेल पिंपाला ११० डॉलरच्या आसपास होते. जानेवारी २०१६ मध्ये ते ३० डॉलरच्याही खाली आले. मग पेट्रोल त्या प्रमाणात स्वस्त का झाले नाही? कारण नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले. पेट्रोलवर लिटरमागे ११ रुपये ७७ पैसे, डिझेलवर १३ रुपये ४७ पैसे. २०२० मध्ये टाळेबंदीत जगभर तेल मातीमोल झाले, तेव्हा हातावर पोट असलेला माणूस घरी उपाशी बसला होता. त्याच मार्च आणि मे महिन्यांत पेट्रोलवर आणखी १३ आणि डिझेलवर १६ रुपये कर चढला. २०१४ च्या एप्रिलमध्ये लिटरमागे ९ रुपये ४८ पैसे असलेले पेट्रोलवरचे शुल्क ३२ रुपये ९८ पैशांवर गेले. ओरड झाल्यावर २०२१ च्या ऑगस्टमध्ये अर्थमंत्र्यांनी जुन्या सरकारच्या तेल रोख्यांकडे बोट दाखवले. त्या रोख्यांचे व्याज वर्षाला दहा हजार कोटींच्या घरात. आणि २०२०-२१ या एका वर्षात इंधनावरच्या उत्पादन शुल्काची वसुली ३ लाख ७२ हजार कोटी! पुढे नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये मिळून १३ रुपयांची कपात झाली, तरी २०१४ च्या दुपटीहून अधिक कर उरलाच.

यातली खरी मेख वेगळी आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर पेट्रोलवरच्या सुमारे ३३ रुपयांपैकी राज्यांशी वाटून घ्यायचे मूळ शुल्क होते फक्त १ रुपया ४० पैसे. बाकी सारा उपकर आणि अधिभार, म्हणजे थेट दिल्लीच्या तिजोरीत.

म्हणून राज्य निर्दोष ठरते काय? मुळीच नाही. २०१५ मध्ये दुष्काळाच्या नावाने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये चढवले गेले. पुढच्या वर्षी पाऊस पडला, पण अधिभार काही वाहून गेला नाही. उलट एप्रिल २०१७ मध्ये पेट्रोलवर आणखी तीन रुपये वाढले, महामार्गालगतची दारू दुकाने बंद होऊन बुडणारा महसूल भरून काढण्यासाठी. दारू न पिणाऱ्याने दारूचा कर भरायचा, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? आणि पेट्रोल जीएसटीत आणण्याचा विषय १७ सप्टेंबर २०२१ रोजी लखनौच्या बैठकीत आला, तेव्हा एरवी एकमेकांवर तुटून पडणारी केंद्र आणि राज्ये ‘आता नको’ यावर अगदी एकदिलाने थांबली.

बाबासाहेबांनी १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना नेमके याच अन्यायावर बोट ठेवले होते. प्राप्तिकर कमाई नसेल तर भरावा लागत नाही, शेतसारा मात्र पीक बुडालेल्या लहान शेतकऱ्यालाही चुकत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. पेट्रोलवरचा कर हा आजचा शेतसाराच आहे. धाटावच्या एमआयडीसीत आलिशान गाडीतून येणारा साहेब आणि जुन्या दुचाकीवरून येणारा कंत्राटी कामगार लिटरमागे सारखाच कर भरतात. सप्टेंबर २०१९ मध्ये याच सरकारने कंपन्यांचा मूळ कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला आणि त्यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सोडल्याचे स्वतःच सांगितले. त्यानंतर आठच महिन्यांत पेट्रोल-डिझेलवरचा कर भडकला. या दोन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर छापल्या जातात, एकत्र वाचल्या जात नाहीत.

गाडी नसलेल्यालाही यातून सुटका नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये एसटीचे भाडे १७.१७ टक्के वाढले, तेव्हा कारण डिझेलचेच होते. जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा १४.९५ टक्के. शाळेसाठी रोह्यात येणारी पोरे, बाजारात भाजीची पाटी आणणारी आदिवासी बाई, मिनिडोरला लटकणारा मजूर, हे सारे पंपावर न जाताही तो कर भरतात.

जागतिक बाजाराचा हात नाही असे आम्ही म्हणत नाही. २०२२ च्या युक्रेन युद्धाने तेल भडकले हे खरे. पण तेल चढते तेव्हा बाजाराचे नाव घ्यायचे आणि उतरते तेव्हा कर वाढवायचा, हा बाजार नव्हे. पहिला आरोपी केंद्र, दुसरा राज्य, हाच क्रम आम्हाला दिसतो.

पंपाच्या फलकावर एकच आकडा झळकतो. त्याखाली मूळ किंमत, केंद्राचा कर, राज्याचा कर आणि पंपाचे कमिशन या चार ओळी मराठीत लिहाव्यात, एवढी मागणी घेऊन रोह्याच्या कार्यकर्त्यांनी तहसील कचेरीवर जावे. नकार मिळाला तर तो लेखी मागावा.