मरोद्याची मैत्री
छत्तीसगडमधल्या भिलाईच्या मरोदा भागातले मैत्रीबाग हे प्राणिसंग्रहालय १९७२ सालचे. नावातली मैत्री भारत आणि सोव्हिएत संघाची. पांढरा वाघ बघायला आलेल्या पोरांना त्याचे काय! पाश्चात्त्य प्रभाव म्हटला की मराठी वाचकाला इंग्रज नाहीतर अमेरिका आठवते. भिलाईत मात्र आधुनिकता मॉस्कोहून आली. पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी झालेला करार १९५५ चा, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. त्याच सुमारास राउरकेल्याच्या पोलाद कारखान्याला मदत करणारे जर्मन होते, दुर्गापूरच्या कारखान्याला ब्रिटिश. भारताच्या अलिप्ततेची ही व्यवहारी बाजू. दल्ली-राजहऱ्याच्या लोहखनिजातून पुढे रेल्वेचे रूळ निघू लागले, पण खरी उलथापालथ घड्याळाची झाली. धानाच्या हंगामावर चालणाऱ्या गावांशेजारी तीन पाळ्यांचे शहर उभे राहिले. कारखान्यासाठी जमीन गेलेल्यांपैकी कोणाला पक्की नोकरी लागली, कोणाच्या वाट्याला ठेकेदाराची मजुरी आली. एकाच गावात दोन वर्ग पडले. पाण्याची वाटही बोलकी आहे. ब्रिटिश अमदानीत शेतीसाठी बांधलेल्या तांदुला धरणाचे पाणी कालव्याने मरोद्याच्या जलाशयात येते, आणि तिथून रशियन आराखड्याच्या कारखान्यात जाते.